क्षेत्रभेटीचा पाठ आणि न घडलेली भेट

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. २०१८ साली आलेल्या या पुस्तकाच्या कर्त्यांनी तो विचारपूर्वक आरंभी घातला असणार, कारण भूगोल हा डोळ्यांनी पाहण्याचा, पायांनी तुडवण्याचा आणि माणसांशी बोलून समजून घेण्याचा विषय आहे, हे त्यांना मुलांच्या मनावर ठसवायचे होते. पाठातली मुले शिक्षकांबरोबर बसने निघतात, वाटेतला जमिनीचा उतार, पिके, घरे न्याहाळतात, भेटणाऱ्या लोकांना प्रश्न विचारतात आणि नोंदी ठेवतात. त्याखालचा स्वाध्याय मात्र लेखी आहे: क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा, क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य लागते ते सांगा, कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा. भूगोल शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत ‘आवश्यकता’ उत्तम रीतीने स्पष्ट करणारी अनेक मुले अशी होती, की जी शाळेतर्फे एकाही क्षेत्रभेटीला गेलेली नव्हती. त्यांना मी पूर्ण गुण दिले, कारण उत्तर बरोबर होते. ते गुण देताना दरवर्षी मला जे वाटत आले, ते इथे सविस्तर मांडतो.

माझे म्हणणे असे, की आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेबाहेरच्या भेटी आणि शाळेत येऊन काम करणारे कलावंत व कारागीर यांना वेळापत्रकात नियमित जागा मिळाली पाहिजे. गणिताच्या तासिका जशा कोणी माफ करत नाही, तशा याही करता येऊ नयेत. परंतु केवळ जागा दिल्याने भागणार नाही. भेट जवळच्या ठिकाणी हवी, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा हवी आणि तिथे मुलांच्या हातांना काही काम हवे. लांब, एकदाच आणि घाईत केलेली भेट, मग ती कितीही प्रसिद्ध स्थळाची असो, माध्यमिक वयाच्या मुलांना फार थोडे देते. आज आपण नेमक्या याच प्रकारच्या भेटीवर पालकांचा पैसा आणि शिक्षकांची शक्ती खर्च करत आहोत.

सध्या या गरजेसाठी शाळेपाशी उरलेली व्यवस्था म्हणजे वार्षिक सहल. दिवाळीची सुट्टी संपली, की पालकांची संमतिपत्रे गोळा होऊ लागतात, शिक्षण विभागाकडे परवानगीचा प्रस्ताव जातो, एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराच्या गाडीसाठी अर्ज केला जातो. शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात सवलत देते, ही चांगली सोय आहे. परंतु गाडी एकदा मिळाली, की तिच्या प्रत्येक किलोमीटरचे मोल वसूल करण्याच्या ओढीने दोन-तीन दिवसांत दहा ठिकाणे आखली जातात. पहाटे एक देवस्थान, नंतर किल्ला, दुपारी संग्रहालय, सायंकाळी समुद्र किंवा करमणुकीचे उद्यान, आणि रात्री पुन्हा प्रवास. संग्रहालयात मुले रांगेने आत जातात आणि वीस मिनिटांत रांगेने बाहेर येतात. ती आनंदात असतात, आणि त्यांच्या त्या आनंदाला मी जराही कमी लेखत नाही. मित्रमैत्रिणींबरोबर घराबाहेर काढलेली एक रात्रही त्या वयात मोठी गोष्ट असते. माझा आक्षेप एवढाच, की तिला आपण शैक्षणिक म्हणतो आणि तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानतो.

याहून मोठा आक्षेप वेगळा आहे. सहलीचे पैसे ज्यांना भरता येत नाहीत, ती मुले येत नाहीत. ज्या घरांत मुलीला रात्री बाहेर पाठवत नाहीत, त्या मुली येत नाहीत. शिक्षक पदरमोड करून दोघा-तिघांना नेतात, पण वर्गातला मोठा गट मागे राहतो. त्या दिवसांत शाळा चालू असते, हजेरी घेतली जाते, आणि उरलेल्या मुलांना एका वर्गात एकत्र बसवून काहीतरी लिहायला दिले जाते. मी त्या वर्गावर अनेकदा बसलो आहे. सहलीला न गेलेल्या मुलांच्या त्या शांततेइतके विषमतेचे स्पष्ट दर्शन मला शाळेत दुसऱ्या कशातही घडलेले नाही. जे शिक्षण शुल्क भरणाऱ्यालाच मिळते आणि उरलेल्यांना त्याच इमारतीत बसवून नाकारले जाते, त्याला शालेय शिक्षणाचा भाग म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. चालत किंवा तासाभराच्या प्रवासात जाता येईल आणि संध्याकाळपर्यंत परतता येईल, अशी भेट मात्र सगळ्या वर्गाला मिळू शकते. जवळच्या भेटीचा माझा आग्रह आधी न्यायासाठी आहे, शिक्षणशास्त्राचा विचार त्यानंतरचा.

‘जवळ पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या पाहण्यात तरी पूर्णपणे रिता असा तालुका आलेला नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका घेतो, कारण तो मी पायी फिरलेला आहे. शिवनेरी तिथे आहेच. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे वारसास्थळ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक मान्यता मिळाली, त्यांत तो आहे. लेण्याद्री आणि तुळजा लेण्यांसारखे कोरीव लेण्यांचे अनेक गट गावाच्या भोवती डोंगरांत आहेत. खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह ही धरणे आहेत. बोरी गावापाशी कुकडीच्या काठावर प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचा थर उघडा पडला आहे, ज्यावर भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. नारायणगावात टोमॅटोचा मोठा बाजार भरतो, आणि तिथेच तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागून गावोगावच्या यात्रांची सुपारी दिली-घेतली जाते. भूगोल, इतिहास, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि लोककला एका तालुक्यात, एसटीच्या साध्या तिकिटात उपलब्ध आहेत. असे असूनही अनेक शाळांच्या गाड्या हा तालुका मागे टाकून दूरवर जातात.

आता याच तालुक्यातला नाणेघाट पाहू. सातवाहनांच्या काळात कोकणातून घाटमाथ्यावर येणारा व्यापार या घाटाने चाले. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांच्या दानांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. अंकचिन्हांचे भारतातील अत्यंत प्राचीन नमुने म्हणून गणिताच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. सहलीतली मुले लेण्यासमोर छायाचित्र काढतात, दगडी रांजणात डोकावतात आणि परततात. तिथेच वर्ग तासभर बसला, चिन्हांचा मोठा तक्ता हाती घेऊन मुलांनी लेखातील अंक ओळखण्याचा प्रयत्न केला आणि ते वहीत उतरवून घेतले, तर त्यांना आपोआप एक गोष्ट जाणवते. शंभरासाठी वेगळे चिन्ह आहे, हजारासाठी वेगळे चिन्ह आहे, आणि शून्य कुठेच नाही. मग त्या चिन्हांत दोन दानांची बेरीज करून पाहा असे सांगितले, की मुले अडखळतात, हातच्याचे काय करायचे हे त्यांना कळेनासे होते, आणि आपण ज्या स्थानिक किंमतीला तिसरीपासून गृहीत धरत आलो, ती एके काळी कोणाला तरी शोधावी लागली हे उमगते. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात एका ओळीत देता येते. परंतु त्या ओळीने कोणी अडखळत नाही, आणि या विषयात अडखळणे हाच शिकण्याचा आरंभ आहे.

अशा भेटीसाठी शिक्षकाला आधी एकट्याने तिथे जाऊन यावे लागते, तक्ता तयार करावा लागतो, गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना एकत्र बसावे लागते. ही पूर्वतयारी शिक्षकाच्या कामाच्या तासांत मोजली जात नाही. निवडणुकीची, सर्वेक्षणाची आणि अहवालांची कामे मोजली जातात. त्यामुळे उत्साही शिक्षकांनी काही वर्षे हौसेने करून नंतर सोडून दिलेल्या उपक्रमांनी आपल्या शाळांचा इतिहास भरलेला आहे, आणि त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही.

आता कारागिरांकडे वळतो, आणि इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कुंभारवाडा होता. एका वर्षी मी नववीच्या वर्गाला तिथे घेऊन गेलो. मुलांनी चाक पाहिले, मडके घडताना पाहिले, आवा पाहिला आणि परत येऊन वहीत लिहिले. लिहिलेला मजकूर एकमेकांशी आणि पुस्तकाशी इतका जुळणारा होता, की ती गेली नसती तरी चालले असते. त्या दिवशीच्या हजेरीत मला आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरी आम्ही गेलो, त्या घरची मुलगी आमच्याच वर्गात होती, आणि त्या दिवशी ती शाळेत आली नव्हती. आपले अंगण, आपली चुलीपाशी बसलेली आई आणि चिखलाने भरलेले वडील यांना वर्गातल्या पन्नास मुलांनी वह्या घेऊन पाहावे, हे तिला नको होते. मी तिला विचारले नव्हते. मी केवळ तिच्या वडिलांची परवानगी घेतली होती.

या प्रसंगाने मला एका गंभीर प्रश्नाकडे पाहायला लावले. आपल्या समाजात हस्तकौशल्ये जातींशी बांधलेली आहेत, आणि ज्यांच्या वाट्याला ती आली, त्यांना त्याबद्दल मान मिळालेला नाही. म्हणूनच हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार ऐकताच अनेक जाणत्या माणसांच्या मनात शंका येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले, सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आली. परंतु देशभर ती रुजली नाही. चरखा खेड्यातल्या मुलांना आणि पुस्तक शहरातल्या मुलांना, अशी विभागणी होईल ही भीती तिच्या न रुजण्याचे एक कारण होते, आणि ती भीती निराधार नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी आपल्या मुलांसाठी आधी अक्षर आणि इंग्रजी मागितले, तर ते योग्यच आहे. याचबरोबर, त्याआधी १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान मागितले होते, हेही विसरता येत नाही. त्यांना शेतकऱ्याच्या मुलाला शेतीत अडकवून ठेवायचे नव्हते. बहुजनांच्या श्रमालाही शाळेने ज्ञान म्हणून मान द्यावा, असा त्या मागणीचा अर्थ मी घेतो.

त्यामुळे माझी भूमिका अशी बनली, की कारागिराला पाहायला जाण्याआधी त्याला शिकवायला बोलावले पाहिजे, आणि माती साऱ्या वर्गाने मळली पाहिजे. कुंभारवाड्याच्या त्या भेटीनंतर दोन वर्षांनी त्या मुलीचे वडील आमच्या शाळेत सलग आठ दिवस आले. मुलांनी त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न पहिल्याच सकाळी उभा राहिला. मुले ‘काका’ म्हणू लागली होती. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितले, की या आठ दिवसांत ते आपल्याला शिकवणार आहेत, तेव्हा त्यांना ‘सर’ म्हणायचे. ते शिक्षकांच्या खोलीत बसले, हजेरीपत्रकावर त्यांची सही झाली आणि त्यांना रोजचे मानधन मिळाले. मुलांनी माती चाळली, लीद आणि राख मिसळली, पाय दुखेपर्यंत तुडवली. चाकावर पहिल्या दिवशी कोणाचेच काही उभे राहिले नाही. तिसऱ्या दिवशी काहींच्या पणत्या झाल्या. त्या घाईने उन्हात ठेवल्यामुळे तडकल्या, तेव्हा सावलीत सावकाश का वाळवायचे हे त्यांना कळले. जड चाकाला काठीने गती दिल्यावर ते इतका वेळ कसे फिरत राहते, हा प्रश्न एका मुलाने विचारला, आणि विज्ञानाच्या बाईंनी नववीतला जडत्वाचा भाग तिथेच, चाकाशेजारी उभे राहून शिकवला. दहावीच्या वर्गाने भाजलेल्या माठात आणि स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने तापमान मोजले आणि बाष्पीभवन व अप्रकट उष्मा यांची सांगड घातली. ती मुलगी तोवर दहावी होऊन शाळेतून गेली होती.

त्या आठ दिवसांत मुलांच्या बोलण्यात झालेला एक बदल मला महत्त्वाचा वाटतो. ती ‘बनवणे’ हा एकच शब्द सगळीकडे वापरणे सोडून मळणे, थापणे, थोपटणे, उतरवणे, भाजणे अशी नेमकी क्रियापदे वापरू लागली. मराठीच्या निबंधात शब्दसंपत्ती वाढावी म्हणून आपण समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतो. शब्द कामातून येतात, आणि काम हातातून गेले की तेही जातात. भाषेच्या शिक्षकांनी तरी या विषयाकडे कलाशिक्षकाचा प्रांत म्हणून पाहू नये.

कलावंत शाळेत येणे ही कल्पना नवी नाही. १९७७ साली किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीने शास्त्रीय संगीत आणि नृत्यातील थोर कलावंतांना देशभरातील शाळा-महाविद्यालयांत नेले, आणि ज्या मुलांना एरवी अशी मैफल कधी लाभली नसती, त्यांना ती अगदी समोर बसून ऐकायला मिळाली. त्या कार्याबद्दल मला मोठा आदर आहे. तरीही दीड तासाच्या सप्रयोग व्याख्यानाची एक मर्यादा असते: मूल श्रोता राहते. माध्यमिक शाळेतल्या मुलाने श्रोता म्हणून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये. त्यासाठी कलावंताचा मुक्काम लांबला पाहिजे, एका दिवसाचा आठवडा आणि आठवड्याचा पंधरवडा झाला पाहिजे.

मुक्काम लांबला तर काय घडू शकते याची कल्पना यावी म्हणून सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळीकडे पाहू. तिथल्या ठाकर समाजाने चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जतन केल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर राज्यभर त्या गावाचे नाव झाले. राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात भारतीय कलांच्या इतिहासावर एक पाठ आहे आणि चित्रकथी ही त्यातली एक टीप होऊन बसली आहे. आता अशी कल्पना करा, की छायाबाहुल्यांचा खेळ करणारा कलावंत दहा दिवस शाळेत राहिला आहे आणि मुले त्याच्या हाताखाली पुठ्ठ्याच्या बाहुल्या कापत, भोके पाडत, सांधे जोडत आहेत. पडदा लावला, दिवा ठेवला, की पहिला प्रश्न येतो तो सावलीच्या आकाराचा. दिवा बाहुलीपासून एक मीटरवर आणि पडदा दिव्यापासून दीड मीटरवर असेल, तर ४० सेंटिमीटरच्या बाहुलीची सावली ६० सेंटिमीटरची पडते. दहावीच्या भूमितीतले पहिले प्रकरण समरूपतेचे आहे. त्यातले दोन त्रिकोण इथे दिवा, बाहुली आणि पडदा यांच्यामध्ये प्रत्यक्ष उभे असतात, आणि राक्षस राजापेक्षा दुप्पट मोठा दिसायला हवा असेल तर त्याला दिव्याच्या किती जवळ न्यायचे, हे मुलांना मोजपट्टी घेऊन काढावे लागते. कलावंताला हे अंतर हाताच्या सवयीने ठाऊक असते. मुलांना ते गुणोत्तराने सापडते, आणि दोन्ही उत्तरे जुळतात तेव्हा दोन्ही प्रकारच्या ज्ञानाबद्दल आदर वाटू लागतो. पुढे त्याच मुलांनी आपल्या गावातली एखादी गोष्ट घेऊन खेळ बसवला, तर मराठी, इतिहास आणि संगीत यांना वेगळे निमंत्रण द्यावे लागत नाही.

कलावंताशिवाय कला शाळेत आली तर काय होते, हे वारली चित्रांच्या उदाहरणाने कळते. आज क्वचितच अशी शाळा असेल, जिच्या भिंतीवर वारली नक्षी नाही. टोकाला जोडलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके, काठीसारखे हातपाय. मुले ते छाप्याने किंवा पुस्तकात पाहून काढतात. परंतु पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, भिंत शेणमातीची आणि गेरूची, कुंचला बांबूची काडी ठेचून केलेला, आणि लग्नाच्या वेळी सवाष्णींनी देवीसाठी चौक काढणे हा या चित्रांचा मूळ विधी, यातले फारसे काही त्यांना सांगितलेले नसते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी विधीच्या भिंतीवरून ही कला कागदावर आणि रोजच्या जीवनाच्या चित्रणाकडे आणली आणि २०११ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. नक्षी उरली आणि माणूस गळून पडला, अशी ही स्थिती आहे. एक वारली चित्रकार आठवडाभर शाळेत बसला, तर मुले त्याला जंगलाबद्दल, भातशेतीबद्दल, तारप्याच्या नाचाबद्दल विचारतील, आणि त्याच्या आजच्या जमिनीच्या व रोजगाराच्या प्रश्नांबद्दलही ऐकतील. त्यानंतर त्यांनी काढलेले चित्र कदाचित कमी नेटके असेल, परंतु ते नकलेहून निराळे असेल.

याच संदर्भात गुणांचा प्रश्न येतो. राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची जुनी व चांगली परंपरा आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार, तसेच शास्त्रीय नृत्य-गायन आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठी, दहावीत सवलतीचे गुण मिळतात. हेतू कलेला प्रोत्साहन देण्याचा होता. परिणाम असा झाला, की अनेक घरांत चित्रकला हा दहावीची टक्केवारी वाढवण्याचा मार्ग ठरला, आणि श्रेणीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर रंगांची पेटी बंद झाली. म्हणून मी ज्या भेटी आणि मुक्काम मागतो आहे, त्यांना एकही गुण जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुण नाहीत तर कोणी गांभीर्याने घेणार नाही, असे माझे सहकारी म्हणतात. मला वाटते, की गांभीर्याची सक्ती मुलावर करण्याऐवजी शाळेवर करावी. किती मुले वर्गाबाहेर गेली, किती दिवस कोणता कलावंत शाळेत होता, मागे किती मुले राहिली आणि का राहिली, हे शाळेने वर्षअखेर पालकसभेत सांगावे. मुलाने काय शिकले याचा पुरावा त्याच्या हातची वस्तू आणि त्याने लिहिलेला अहवाल हाच असू द्यावा.

सुरक्षिततेची चिंता खरी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, आणि त्या दुःखानंतर सहलींच्या परवानग्या व अटी अधिक कडक झाल्या. त्या अटींबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्यांचा परिणाम म्हणून अनेक मुख्याध्यापकांनी कोठेही न जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग मानला, हे मला चुकीचे वाटते. अनोळखी किनारा, रात्रीचा प्रवास, थकलेले शिक्षक आणि दोनशे मुले ही धोक्याची खरी कारणे असतात. शिक्षकाने आधी चालून पाहिलेली वाट, चाळीस मुले, तीन शिक्षक आणि दोन पालक, सकाळी निघून दुपारी परतणे, यात जोखीम किती कमी होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच ठिकाणी तिसऱ्यांदा जाताना तर मुलांनाही तिथले निसरडे दगड ठाऊक झालेले असतात.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, ही दुसरी चिंता. तिला उत्तर म्हणून मी शिरूर तालुक्यातील पाबळ दाखवतो. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम आखला. त्यात माध्यमिक शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह व आरोग्य या क्षेत्रांतली खरी कामे करतात. शिकवायला गावातले कुशल कारागीर असतात, आणि मुले शिकता शिकता गावाची छोटी कामेही करून देतात. राज्य मंडळाने त्याला दहावीचा विषय म्हणून मान्यता दिली. जोडकाम, पाण्याची चाचणी, बांधकामाचा अंदाज या गोष्टी शिकताना मुलांनी केलेले मोजमाप हे गणितच असते, त्यामुळे तो दिवस अभ्यासक्रमातून वजा झाला असे म्हणता येत नाही. चार दशकांहून अधिक काळ एक प्रयोग आपल्या राज्यात, मराठी शाळांत चालू आहे. या विषयावर बोलताना आपण परदेशातल्या शाळांची उदाहरणे देतो आणि पाबळ विसरतो, याची मला खंत वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात त्यांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याबरोबर काम करावे असे म्हटले, आणि स्थानिक जाणकारांना शाळेत शिकवण्यासाठी नेमण्याची वाटही मोकळी ठेवली. धोरणाची ही दिशा योग्य आहे. परंतु नियमित दहा दिवस आठवीशी थांबतात आणि नववीत मूल परीक्षेच्या बोगद्यात शिरते. माझ्या मते नववीचे वय या शिक्षणासाठी अधिक अनुकूल आहे, कारण तेव्हा हातात बळ आलेले असते, तर्क करता येतो, आणि पुढे काय शिकायचे याचा प्रश्न मनात उमटू लागलेला असतो. शिक्षण हक्क कायद्यानेही सहावी ते आठवीच्या मोठ्या शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले. नववी आणि दहावी तिथेही बाहेर राहिली.

पैशाचे गणित अवघड आहे, पण अशक्य नाही. एका शाळेला दहा दिवसांचा कलावंत परवडत नसेल, तर तालुक्यातल्या पाच शाळांनी मिळून त्याला दोन महिने बोलवावे. महोत्सवांवर खर्च करणाऱ्या सांस्कृतिक कार्य विभागाने या मुक्कामांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. मानधन किती असावे, याला माझे एक साधे माप आहे: माध्यमिक शिक्षकाचा एका दिवसाचा पगार जेवढा, तेवढे तरी ते असावे. शाल, श्रीफळ आणि प्रवासखर्चाचे पाकीट देऊन कलावंताची बोळवण करण्याची आपली रीत मुले पाहत असतात, आणि हाताच्या कामाची समाजातली किंमत त्यांना त्या पाकिटावरून कळते. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर विणणारा विणकर, सावंतवाडीत दशावतारी गंजिफा हा १२० पत्त्यांचा संच रंगवणारा चितारी, कोल्हापूरला चप्पल बांधणारा कारागीर, नारायणगावच्या राहुटीतला ढोलकीवाला, यांचा दिवस बुडवून आपण त्यांना शाळेत बोलावतो. त्या दिवसाची भरपाई ही उपकाराची गोष्ट नव्हे.

हे सगळे ठरवण्याचा काळ जून महिन्याचा असतो, कारण नोव्हेंबरमध्ये सहलीची धावपळ सुरू झाल्यावर विचाराला जागा राहत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात भूगोल, इतिहास, विज्ञान, गणित, मराठी आणि चित्रकला यांच्या शिक्षकांनी तालुक्याचा नकाशा टेबलावर पसरून बसावे, शाळेभोवती पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढावे, आणि त्यातली ठिकाणे व माणसे लिहून काढावीत. त्या यादीत ज्यांची घरे आहेत, त्यांतल्या कोणाची मुले आपल्या शाळेत आहेत हे पाहावे, आणि कोणत्याही अंगणात जाण्याआधी त्या मुलांशी वेगळे बसून बोलावे.